ड्यू डेट नको, पण काम परत यायला हवं: टू-डू ॲपमधला नेहमीचा बिघाड आणि दुरुस्ती

आधी लक्षणं पाहा. यातली दोन-तीन ओळखीची वाटली तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

- ॲप उघडलं की लाल रंगात पंधरा-वीस कामं समोर येतात. त्यातली बहुतेक आज झाली नाहीत तरी कुणाचं अडत नाही: फिल्टर धुणं, झाडांना खत घालणं, फोनमधले नको असलेले फोटो काढणं.
- काम टिक केलं आणि गेलं ते गेलंच. दोन महिन्यांनी आठवतं की ते परत यायला हवं होतं.
- दहा दिवस उशिरा केलेलं काम टिक करताच दोन-तीन दिवसांत पुन्हा दारात. कधी तर टिक करायचा अवकाश, पुढचं आधीच ओव्हरड्यू, म्हणजे मुदत उलटलेलं.
- लाल रंग घालवायला तारीख काढली, तर तिच्याबरोबर रिपीटही पुसलं गेलं.
- तारीख न देता रिपीट लावायला गेलं की ॲप आपणहून आजची तारीख चिकटवतं.
- एकाच कामाच्या तीन-चार प्रती यादीत दिसतात.
- काम न करताच टिक करायची सवय लागली आहे.

शेवटचं लक्षण सगळ्यांत वाईट. बाकीच्यांनी त्रास होतो, पण नोंद खरी राहते. खोटं टिक सुरू झालं की ‘हे शेवटचं कधी केलं होतं?’ या प्रश्नाला यादीकडे उत्तर उरत नाही, आणि वारंवार येणाऱ्या कामांच्या यादीचा खरा उपयोग तर तोच असतो.

बिघाड येतो कुठून

ॲपच्या लेखी रिपीट म्हणजे एक बेरीज: आधीची तारीख अधिक ठरलेलं अंतर, की झाली पुढची तारीख. आधीची तारीखच नसेल तर बेरीज कशात करायची? म्हणून बहुतेक ॲप्स तारखेशिवाय रिपीट लावूच देत नाहीत. कॅलेंडर आणि टास्क यांची देवाणघेवाण ज्या मानकावर चालते त्या आरएफसी ५५४५ मध्येही (सप्टेंबर २००९) पुनरावृत्तीचा नियम लावला की सुरुवातीची तारीख सक्तीची आहे. ‘मागच्या वेळी केल्यापासून इतक्या दिवसांनी’ असं सांगायला त्या नियमात जागाच नाही. वाढदिवस, बैठका, हप्ते अशा गोष्टींसाठी ही रचना चोख आहे. फिल्टर धुण्यासाठी नाही.

त्यात एकाच रकान्याकडून आपण दोन कामं करून घेतो. ‘हे मला कधी दिसावं’ आणि ‘हे कधीनंतर उशीर होईल’ या दोन वेगळ्या तारखा आहेत. दोन्ही ड्यू डेटमध्ये कोंबल्या की लाल रंगाचा अर्थ जातो, आणि खरोखर मुदतीचं काम त्या गर्दीत हरवतं. खालच्या बहुतेक तपासण्या या दोन तारखा एकमेकींपासून सोडवण्यासाठीच आहेत. सोपी आणि फुकट तपासणी आधी, वेळखाऊ नंतर. क्रम मोडू नका. पहिल्या तीन-चारांतच बऱ्याच याद्या ताळ्यावर येतात.

१. काम कोणत्या जातीचं आहे? (कागद, पेन, पाच मिनिटं)

त्रास देणारी कामं कागदावर उतरवा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे चार दिवस उशिरा झालं, तर पुढचं कधी करायचं?

‘मूळ ठरलेल्या दिवशीच’ असं उत्तर आलं तर काम तारखेचं. भाडं, विमा, वर्गणी, दर सोमवारचा अहवाल. याला ड्यू डेट हवीच, ती काढायचा विचारही करू नका.

‘केल्यापासून मोजून’ असं उत्तर आलं तर काम अंतराचं. फिल्टर, सायकलच्या साखळीला तेल, चादरी बदलणं, बॅकअपमधून एखादी फाइल खरंच परत मिळते का हे पाहणं.

‘काही फरक पडत नाही, अधूनमधून झालं म्हणजे पुरे’ असं उत्तर आलं तर काम रांगेचं. कपाटातला एक कप्पा आवरणं, जुन्या मित्राला फोन, वाचायच्या ठेवलेल्या लेखांतला एखादा वाचणं.

ही तपासणी पहिली असण्याचं कारण म्हणजे तिन्ही जातींचं औषध वेगळं आहे. रांगेच्या कामाला अंतर लावलं की लाल यादी फुगते. तारखेच्या कामाला अंतर लावलं तर नुकसान जास्त: भाडं एकदा पाच दिवस उशिरा गेलं की पुढच्या प्रत्येक महिन्यात पाच दिवस उशिराच आठवण येणार.

२. चाचणीच्या कामावर ॲपचा स्वभाव पाहा (दहा मिनिटं)

खऱ्या यादीला हात लावण्याआधी ‘चाचणी’ नावाचं रोजचं रिपीट काम बनवा आणि त्यावर चार गोष्टी करून पाहा: टिक करा, ‘पुढे ढकला’ वापरून एक दिवस पुढे न्या, तारीख बदलून चार दिवस मागची करा आणि मग टिक करा, शेवटी तारीख पूर्ण काढून टाका. दर वेळी पाहायच्या गोष्टी दोन: रिपीटचं चिन्ह टिकलं का, आणि पुढची तारीख कोणती आली.

मदतीची पानं वाचण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण एकाच ॲपचं मोबाइलवरचं आणि ब्राउझरमधलं वागणं कधी कधी वेगळं असतं. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये रिपीट लावलं की ड्यू डेट आपोआप येते, आणि ड्यू डेट काढली की रिपीट जातं. टूडूइस्टमध्ये तारखेच्या जागी नुसतं ‘उद्या’ या अर्थाचा शब्द टाइप केला की आधीचा पुनरावृत्तीचा नियमच बदलला जातो. नियम टिकवायचा तर तारीख कॅलेंडरमधून निवडून हलवावी. ‘टिक केलं आणि काम गायब’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच निघतं. काम टिक केल्यामुळे गेलेलं नसतं. आठवडाभरापूर्वी तारीख हलवताना रिपीट पुसलेलं असतं आणि ते आज कळतं.

३. मोजणी कुठून होते आहे?

फिल्टर दर १४ दिवसांनी धुवायचा आहे. ड्यू डेट १ तारीख, प्रत्यक्षात धुतला १२ ला. मोजणी ड्यू डेटपासून असेल तर पुढची तारीख १५, म्हणजे तीनच दिवसांनी. मोजणी पूर्ण केल्यापासून असेल तर २६. फिल्टरला २६ हवी आहे.

हा फरक एका सेटिंगचा असतो, फक्त प्रत्येक ॲपने तो वेगळ्या जागी ठेवला आहे. टूडूइस्टमध्ये अंतर लिहिताना ‘एव्हरी’ या शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की मोजणी टिक केल्यापासून सुरू होते. उद्गारचिन्ह नसेल तर मूळ तारखेपासून. रिमेंबर द मिल्कमध्ये ‘एव्हरी’ऐवजी ‘आफ्टर’ लिहायचं. टिकटिकमध्ये रिपीटच्या पर्यायांत पूर्ण केल्याच्या तारखेनुसार मोजण्याचा पर्याय आहे. थिंग्ज आणि ऑम्नीफोकस यांच्यात रिपीटचा नियम लावतानाच ‘पूर्ण केल्यानंतर’ निवडता येतं.

ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्स या मजकूर-संपादकातली यादीची सोय) तीन चिन्हं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक अधिकचिन्ह तारीख एकाच टप्प्याने पुढे नेतं, मग ती तारीख अजून भूतकाळातच का असेना. टिक करताच पुढचं ओव्हरड्यू दिसतं ते यामुळे. दोन अधिकचिन्हं टप्पे घालत भविष्यात पोचेपर्यंत पुढे नेतात, त्यामुळे वार तोच राहतो. टिंब आणि अधिकचिन्ह ही जोडी आजपासून मोजते. अंतराच्या कामाला ही तिसरी जोडी लावायची. तारखेच्या कामाला दोन अधिकचिन्हं लावावीत, पण मधले हप्ते वगळून चालणार असेल तरच.

सेटिंग बदलल्यावर तीन गोष्टी सांभाळा. शुक्रवारी केलेलं काम सोमवारी टिक केलंत तर मोजणी सोमवारपासून होते. ९० दिवसांच्या अंतरात हे चालून जातं, तीन दिवसांच्या अंतरात नाही. कामाला घड्याळाची वेळ जोडली असेल तर ती काढा, नाहीतर फिल्टर धुण्याचं नोटिफिकेशन बैठकीच्या मध्यात वाजेल. आणि ३१ तारखेचं मासिक रिपीट असेल तर लहान महिन्यांत काय होतं ते पाहा: आरएफसी ५५४५ च्या नियमानुसार ३१ नसलेला महिना सरळ वगळला जातो, तर काही ॲप्स महिन्याची शेवटची तारीख धरतात. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असा पर्याय असेल तर तोच घ्या.

४. तारीख कोणत्या रकान्यात आहे?

काही ॲप्समध्ये ‘कधी दिसावं’ला वेगळा रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवून लोक वर्षानुवर्षं ड्यू डेटच भरतात. ऑम्नीफोकसमध्ये डिफर डेट एकटीच भरून रिपीट लावता येतं: तो दिवस येईपर्यंत काम लपलेलं राहतं, मग उपलब्ध होतं, लाल कधीच होत नाही. थिंग्जमध्ये सुरुवातीची तारीख आणि डेडलाइन वेगळ्या आहेत. डेडलाइन न देता रिपीट लावलं तर काम त्या दिवशी ‘टुडे’मध्ये येतं आणि होईपर्यंत शांतपणे तिथंच राहतं. ऑर्ग-मोडमध्ये ‘शेड्यूल्ड’ आणि ‘डेडलाइन’ असे दोन शिक्के आहेत. डेडलाइनचा शिक्का मूळ सेटिंगनुसार १४ दिवस आधीपासून इशारा देऊ लागतो, म्हणून अंतराच्या कामाला तो लावला की अजेंडा, म्हणजे रोजच्या कामांचं पान, भरून वाहतो. ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपच्या टास्क्स प्लगइनमध्ये तर सुरुवात, नियोजन आणि मुदत अशा तीन तारखा मिळतात.

असा रकाना असेल तर दुरुस्ती झालीच समजा. अंतराच्या प्रत्येक कामाची ड्यू डेट उचलून सुरुवातीच्या रकान्यात टाका. फक्त नवी तारीख आधी भरा आणि जुनी नंतर काढा. उलट केलंत तर मधल्या क्षणी कामाला तारीखच उरत नाही आणि रिपीट पुसलं जाऊ शकतं.

५. एकच तारीख असणाऱ्या ॲपमध्ये लाल रंग बाजूला काढणं

मायक्रोसॉफ्ट टू डूसारख्या ॲपमध्ये ड्यू डेट एकच. तिथं कामं बदलण्याऐवजी पाहण्याची जागा बदला. अंतराची सगळी कामं एका वेगळ्या यादीत न्या. तिला ‘सवडीनं’ असं काही नाव द्या. ‘इतर’ नको, कारण इतरमध्ये लवकरच काहीही जाऊन पडतं. रोज उघडायचं पान बदला: मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये ‘प्लॅन्ड’ऐवजी ‘माय डे’, जिथं आजची कामं तुम्ही स्वतः निवडता आणि रात्री पान कोरं होतं. यादी गाळून दाखवणारा फिल्टर बनवता येणाऱ्या ॲपमध्ये सवडीच्या कामांना एक लेबल द्या आणि ‘आजची व ओव्हरड्यू, पण हे लेबल नसलेली’ असा फिल्टर मुख्य पान म्हणून ठेवा.

एक धोका राहतो: लपवलेली यादी विसरली जाते. म्हणून आठवड्यातून एकदा ‘सवडीनं ही यादी पाहणं’ असं एक तारखेचं काम मुख्य पानावर हवं.

६. तारीख अजिबात न लावता: रांग

रांगेच्या जातीच्या कामांना हाच उपाय लागू पडतो, आणि तो कुठल्याही ॲपमध्ये चालतो. वहीतसुद्धा.

एक यादी करा आणि तिची मांडणी हाताने लावलेल्या क्रमावर ठेवा. तारीख, अक्षरक्रम, महत्त्व यांनुसार आपोआप लागणारी मांडणी बंद, नाहीतर रांग दर वेळी विस्कटेल. यातलं काम कधीच टिक करायचं नाही. झालं की ओढून तळाला न्यायचं. मग सर्वांत वर जे उरतं ते आपोआप सर्वांत जुनं, सगळ्यांत जास्त दिवस न झालेलं काम असतं. म्हणजे ॲपला जी बेरीज करता येत नव्हती ती जागेनेच झाली.

नेताना टिपणात दिवस लिहा: ‘१४ मार्च, वरचे दोन कप्पे झाले’. पाच सेकंदांचं काम आहे, पण ‘शेवटचं कधी’ची नोंद त्यातूनच उभी राहते. चुकून टिक होत असेल तर टूडूइस्टमध्ये कामाच्या नावाआधी तारांकन आणि एक मोकळी जागा टाका. टिकचा गोल निघून जातो.

रांगेची लांबी सात ते बारा कामांची ठेवा. पंचवीस झाली तर एकदा तळाला गेलेलं काम महिनोन् महिने वर येत नाही आणि रांगेवरचा विश्वास उडतो. जास्त असतील तर दोन रांगा करा, घरातली एक आणि संगणकावरची एक.

आता रांगेला हलवणारं काहीतरी हवं, नाहीतर ती नुसती पडून राहील. त्यासाठी मुख्य यादीत एकच रिपीट काम ठेवा: ‘रांगेतलं वरचं एक काम’, दर तीन दिवसांनी, मोजणी पूर्ण केल्यापासून. वीस कामांना वीस तारखा लावण्याऐवजी एका कामाला एक तारीख. लाल झालं तरी एकच ओळ लाल होते.

इथे नेमकं काय बिघडतं? वरचं काम नकोसं असतं, म्हणून दुसरं केलं जातं आणि पहिलं वरच अडकून राहतं. नियम ठेवा: न करता तळाला न्यायची मुभा दोनदा. तिसऱ्यांदा तेच वाटलं तर कामाचे शब्द बदलून ते लहान करा, ‘कपाट आवरणं’चं ‘वरचा कप्पा रिकामा करणं’ करा, नाहीतर यादीतून काढून टाका. न होणारं काम रांगेत ठेवणं म्हणजे रस्त्याच्या मधोमध दगड ठेवणं.

‘आठवड्यातून तीनदा व्यायाम’ यासारखी कामं रांगेत बसत नाहीत आणि ठरावीक अंतरातही बसत नाहीत. त्यांना सवयींचा वेगळा विभाग लागतो. टिकटिकमध्ये तो आहे. ऑर्ग-मोडमध्ये तर सवयीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर देता येतं: दोन दिवसांच्या आत नको, चार दिवसांपलीकडे नको. हा खिडकीसारखा नियम अशा कामांना जितका चपखल बसतो तितकी एकटी ड्यू डेट कधीच बसत नाही.

७. एकाच कामाच्या अनेक प्रती

इथून पुढे वेळ लागतो. प्रती येण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन. एक, ॲप मागचं काम झालं की नाही हे न पाहता कॅलेंडरनुसार नवं काम काढतं. दोन, तीच यादी दोन वाटांनी सिंक होते: ॲपचं स्वतःचं सिंक आणि वर कॅलेंडरची जोडणी किंवा एखादं ऑटोमेशन. तीन, फोन आणि संगणक दोन्ही ऑफलाइन असताना तेच काम दोन्हीकडे टिक होतं आणि दोन्हीकडे पुढची प्रत जन्माला येते.

जोडण्या एकेक करून बंद करा आणि दर वेळी रिपीटची एक पूर्ण फेरी होऊ द्या. सगळ्या एकदम बंद केल्या तर दोषी कोणती ते कळणार नाही. थांबायला वेळ लागू नये म्हणून चाचणीसाठी रोजचं काम वापरा.

टास्कवॉरियरमध्ये (कमांड लाइनवर चालणारं टू-डू ॲप) रिपीट कामाला ड्यू डेट सक्तीची आहे, आणि मागे एक साचा राहून त्यातून प्रत्यक्ष कामं निघतात. दोन-तीन संगणकांवर सिंक असेल तर प्रत्येक संगणक साच्यातून आपापलं काम काढतो. उपाय: मुख्य संगणकावर ‘रिकरन्स’ ही सेटिंग चालू, बाकी सगळ्यांवर बंद.

जास्तीच्या प्रती काढताना सावध राहा. रिपीटमधलं काम डिलीट करताना ‘फक्त हेच की सगळी मालिका?’ असं ॲपने विचारलं तर घाईत सगळी मालिका उडते.

८. ॲप बदलणं किंवा सगळी यादी एकदम दुरुस्त करणं

हा शेवटचा पर्याय. आधी एक्स्पोर्ट करा, आणि ती फाइल उघडून पाहा: रिपीटचा नियम तिच्यात आहे का, की फक्त पुढची तारीख आहे? नियम नसेल तर नव्या ॲपमध्ये प्रत्येक काम एकदाच येईल आणि पहिल्या टिकनंतर नाहीसं होईल. एका वेळी पाच कामं हलवा, त्यांची एक फेरी पूर्ण होऊ द्या, मग पुढची पाच. जुन्या ॲपमधली ती पाच कामं त्याच दिवशी बंद करा, नाहीतर एकच काम दोन ठिकाणाहून बोलावू लागेल.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सिंकनंतर कामं गायब झाली असतील तर तिथंच थांबा. लॉग-आउट करू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. सर्व्हरवर न पोचलेले बदल फक्त त्या उपकरणात असू शकतात आणि ते तेवढ्याने कायमचे जातात. स्क्रीनशॉट घ्या, वेळ टिपा आणि ॲपच्या सपोर्टला लिहा.

खातं कार्यालयाचं असेल किंवा यादी इतरांबरोबर वाटलेली असेल तर ऑटोमेशन, जोडण्या आणि मालिका डिलीट करणं हे काम प्रशासकाचं आहे. तुमच्या यादीतला रिपीटचा नियम दुसऱ्याच्या अहवालाचा आधार असू शकतो. शेकडो कामं स्क्रिप्टने बदलायची असतील आणि ती स्क्रिप्ट तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल, तर जाणकाराला बसवा आणि आधी एका रिकाम्या खात्यावर चालवून घ्या.

काही कामं मात्र या पोस्टमधल्या कुठल्याही उपायात बसवू नका. औषधाच्या वेळा ‘केल्यापासून मोजून’ कधीच लावू नयेत. एक मात्रा चुकली तर पुढची कधी घ्यायची हे डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ सांगतील, ॲपची बेरीज नाही. अग्निशामक, लिफ्ट, गॅसची उपकरणं, यंत्रांची सुरक्षा तपासणी, कर आणि कायदेशीर मुदती यांना ठरलेली तारीख, जबाबदार व्यक्ती आणि तपासता येईल अशी लेखी नोंद लागते. त्यांच्यासाठी देखभालीची स्वतंत्र प्रणाली किंवा त्या क्षेत्रातला माणूस हवा. तुमच्या यादीत त्यांची एकच ओळ पुरे: तारखेची, लाल होणारी, ‘तपासणीचा दाखला आला का ते पाहणं’.